नावेतला माणूस काय म्हणाला

सगळं थिएटर रडत होतं आणि त्याची बायको हसली. मोठ्यानं नव्हे, कुणाला दिसावं म्हणूनही नव्हे. तो खिशातून रुमाल काढून तिच्याकडे वळला होता. त्याचे स्वतःचे डोळे भरले होते, आणि आपले भरलेत म्हणजे तिचे वाहत असणार असा हिशेब त्यानं परस्पर करून टाकला होता. समोर पडद्यावर नाव सुटायला आली होती. नावेत तो नावाडी, गुडघाभर पाण्यात ती धोबीण, तिचे दोन्ही हात त्याच्या हातांत, आणि तो वाकून तिला काहीतरी सांगत होता. सिनेमा मूक, आजोबांच्या काळातला, याच शहरातल्या नदीवर काढलेला. पडद्याखाली कोपऱ्यात बसून पियानो वाजवणारा म्हातारासुद्धा त्या जागी थांबला होता, त्यामुळे नाकं ओढल्याचे आवाज तेवढे ऐकू येत होते. मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली, ‘जगाच्या अंतापर्यंत तुझी वाट पाहीन’, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंना हुंदका आवरेना. पण बायको पाटी येण्याआधीच हसून मोकळी झाली होती. परक्या घरी पाहुणे म्हणून जावं, गर्दीत कुणी आपल्याला विचारत नसावं, आणि घरातलं एखादं माणूस हळूच जवळ येऊन ‘जेवलात ना?’ म्हणावं, तेव्हा माणूस हसतं तसं ते हसू होतं. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. फक्त ते त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं पाहिलं.

बायकोला ऐकू येत नसे. नऊ वर्षांची असताना ताप आला, ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून ती माणसांच्या ओठांवरून बोलणं वाचत आली, आणि आता ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत तेच शिकवत होती. ती बोलायची आवाजात, थोडी सपाट, थोडी घोगरी. ऐकायची मात्र डोळ्यांनी. म्हणून रात्री कुठूनही घरी चालत येताना दोघांचं बोलणं रस्त्यावरच्या दिव्याखाली होई. दिवा आला की थांबायचं, तोंड उजेडात धरायचं, बोलायचं, आणि मग पुढच्या दिव्यापर्यंत संसाराचे सगळे विषय बंद. लग्नाच्या नव्या दिवसांत हे दिवे त्याला फार लांब लांब वाटायचे. आज पहिल्या दिव्याखाली त्यानं विचारलं, हसलीस का? ती म्हणाली, कुठे? दुसऱ्या दिव्याखाली तो म्हणाला, सगळे रडत होते. ती म्हणाली, मीपण रडते कधीकधी. आणि मग मधल्या अंधारात, तिची चप्पल आपल्या बुटांशेजारी वाजताना ऐकत असताना, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पडद्यावरचा तो माणूस खरंच काहीतरी बोलत होता. तोंड हलवत होता म्हणजे काही शब्द म्हणत होता. पाटीवरचे शब्द कुणीतरी मागाहून लिहिले असतील, पण ओठांवरचे त्याचे स्वतःचे होते. आणि हजारभर लोकांच्या त्या थिएटरात ते कुणाला कळले असतील तर ते त्याच्या बायकोला. तिसऱ्या दिव्याखाली त्यानं तिचा दंड धरून तिला थांबवलं.

“तो काय म्हणाला तिला?”

दंड सोडवून घेत ती म्हणाली, “तुझ्याशी नाही बोलला तो.”

झालं. एवढ्यावरून माणसाचा आठवडा नासू शकतो हे त्यानं दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. तो दातांचा डॉक्टर होता, दिवसभर लोकांच्या तोंडात बघणं हाच त्याचा धंदा. लोक तोंड उघडून पडतात आणि डॉक्टर एकटा बोलतो, ही त्या धंद्यातली सोय. बायकोच्या भाषेत सांगायचं तर डॉक्टर मास्क लावून बोलतो म्हणून कुणाला त्याचं काही कळत नाही, ही दुसरी सोय. ती पहिल्यांदा आली होती ती अक्कलदाढ घेऊन. गालावर हात, डोळ्यांत पाणी, आणि त्यानं काहीही विचारलं की ती त्याच्या मास्ककडे नुसती टकमक बघायची. त्याला वाटलं, पोरगी घाबरलीय. मग तिनं स्वतःच्या कानाला हात लावला, मान हलवली, आणि बोटानं मास्क खाली ओढल्यासारखी खूण केली. त्यानं मास्क खाली केला आणि पुन्हा विचारलं, दुखतंय का? तेव्हा ती हसली होती. सुजलेल्या गालानं, वेडंवाकडं, पण हसली होती. सगळ्या जगातल्या डॉक्टरांत आपण एकटे तोंड दाखवून बोललो, हा मान त्यानं पुढे पंधरा-वीस वर्षं मिरवला. दाढ काढून झाल्यावरही ती दोनदा दाखवायला आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा दोघांनाही माहीत होतं की तोंडात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग तो बिनआवाजी बोलायला शिकला. लोकांना वाटे, बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्याला कळलं की आवाजच लागत नाही. आवाज काढून टाकला की उरतं ते फक्त तिच्यासाठी. लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसून, मध्ये पन्नास माणसं असताना, तो तिला ओठांनी सांगे, ते मामा बघ, तिसऱ्यांदा वाढून घेतायत, आणि ती पदर तोंडाला लावी. स्टेशनावर ती गाडीत आणि तो फलाटावर, काच बंद, तरी गाडी हलेपर्यंत बोलणं चालू. शेजारचे प्रवासी काचेवर डोकं आपटत ‘पत्र टाक, पत्र टाक’ करत, आणि हे दोघं निवांत, घराची किल्ली कुठे ठेवलीय यावर वाद घालत. त्याला त्या दिवसांत सगळ्या ऐकणाऱ्या नवराबायकोंची कीव येई. आणि आता एक मेलेला माणूस, ज्याच्या आवाजाची कधी कुणाला गरजच पडली नाही, त्याच वाटेनं आला होता. ती वाट आपण एकट्यानं पाडली असं तो समजत होता.

मंगळवारी एका गृहस्थांच्या दाढेत सिमेंट भरताना त्याचा हात थांबला. आपण हल्ली तिच्याशी काय बोलतो? चहा. उशीर. बिल भरलं? दार लाव. एकेक शब्द, तोही अर्धा. तिला वाचता येतो म्हणून अर्धाच पुरतो. कंजूस माणसाला हुशार बायको मिळाली की असं होतं. आणि भांडणं? भांडणाची तर त्यानं एक रीतच पाडली होती. ती बोलायला लागली की तो खिडकीकडे तोंड करून उत्तर द्यायचा. पाठ करून माणूस काहीही म्हणू शकतो, आणि तो म्हणायचाही. रात्री अंथरुणात वाद निघाला तर दिवा मालवायचा. दिवा मालवला की त्याच्यापुरतं भांडण संपलं. तिच्यापुरतं काय व्हायचं ते अंधारातच राहायचं. हे आठवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही जरा. पण मत्सराचं एक बरं असतं, तो लाजेला फार वेळ बसू देत नाही. त्या नावाड्याला काय जातं, तो मनात म्हणाला, त्याला ना बिल ना दार. वाकायचं, गोड बोलायचं आणि निघून जायचं. आम्हाला राहावं लागतं. गृहस्थांनी घशातून विचित्र आवाज काढला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सिमेंट दाढेत मावेल त्याहून जास्त भरलं गेलं होतं.

तो सिनेमा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी लागायचा. कित्येक वर्षं लागत होता, आणि बायको शाळेतल्या मैत्रिणींबरोबर जायची हेही त्याला माहीत होतं. तो यंदा पहिल्यांदाच बरोबर गेला होता, तेही मैत्रिणींना त्या दिवशी जमणार नव्हतं आणि काढलेलं तिकीट वाया जायला नको म्हणून. आता पुढच्या महिन्यात तो चोरून गेला. बायकोसाठी चिठ्ठी ठेवली, एक जुना पेशंट बघायला जातोय. चोराच्या मनात चांदणं, म्हणून बाल्कनीत अगदी मागे बसला. खाली तिसऱ्या रांगेत ती आणि तिच्या मैत्रिणी ओळीनं बसलेल्या दिसत होत्या, सगळ्याच न ऐकणाऱ्या. अवतीभवती नेहमीचं पब्लिक होतं. कॉलेजातली जोडपी होती, एकटे म्हातारे होते, एक बाई तर आपल्या आईला आधार देत आणत होती आणि आई म्हणत होती की तिला तिच्या आईनं आणलं होतं. गोष्ट तशी पोरकटच. नावाडी गरीब, धोबीण गरीब, मध्ये एक जाड भुवयांचा सावकार, आणि शेवटी नावाडी परमुलखात पोट भरायला निघतो. कुठलाही लेखक आज असली गोष्ट लिहायला धजणार नाही. तरी नाव सुटायची वेळ आली, पियानोवाल्यानं हात उचलून मांडीवर ठेवले, आणि वरपासून खालपर्यंत सगळं थिएटर विरघळलं. फक्त तिसरी रांग हसली. ओळीनं, एकदमच, आणि एकमेकींकडे न बघता. म्हणजे त्या सगळ्यांना माहीत होतं. एक त्यालाच नव्हतं, आणि त्याच्यासारख्या कान असलेल्या बाकी सगळ्या गावाला.

सिनेमा सुटल्यावर तो पियानोवाल्याला गाठायला गेला. म्हातारा झाकण लावत होता. त्या जागी तुम्ही का थांबता, असं त्यानं विचारलं. म्हातारा म्हणाला, पूर्वी थांबत नव्हतो. तऱ्हेतऱ्हेचं वाजवून पाहिलं तिथे, दुःखाचं, गोड, एकदा तर रागानं लग्नातलं वाजवलं, तरी लोक रडायचे ते रडायचेच. मग म्हटलं, आपली इथे गरज दिसत नाही, बोटांना तेवढाच आराम. यावर तो म्हणाला, पण पाटीवर लिहिलंय ते तो बोलत नाही. आता हे त्यानं बाल्कनीतून टक लावून पाहिलं होतं. ‘वाट’ म्हणायला खालचा ओठ वरच्या दातांना लावावा लागतो, आणि दातांच्या बाबतीत त्याला कुणी फसवणार नव्हतं. त्या नटाचे दात त्या वाक्यात ओठाला एकदाही लागले नव्हते. दाखवायचे दात वेगळे, म्हणतात तशातली गत. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि म्हटलं, साहेब, तो काहीही म्हणत असेल, लोकांना आवडतंय ना?

नेमक्या त्याच गोष्टीनं त्याची झोप उडाली होती. काय म्हणत असेल? तो नट देखणा होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. समोरचे दोन दात किंचित फाकलेले, तेही शोभणारे. कदाचित त्या नटीशी त्याचं खरंच काही असेल. कदाचित कॅमेऱ्याच्या देखत, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, तो तिला असं काही म्हणाला असेल की जे छापता आलं नसतं, आणि म्हणून पाटी निराळी. आणि ते शब्द त्याची बायको दर महिन्याला, अंधारात, आपल्या अंगावर घेत होती. आपण जे कधी बोललो नाही ते. किंवा, आणि हे जास्त वाईट, आपण पूर्वी बोलायचो ते. त्यानं तिला पुन्हा दोनदा विचारलं. एकदा ती म्हणाली, सोड ना. दुसऱ्यांदा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तोच कानानं अधू आहे आणि त्याला कसं सांगावं हे तिला सुचत नाही. मग त्यानं खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणायचं ते म्हणून घेतलं.

मेहुणी दात दाखवायला आली ती त्याच आठवड्यात. बायकोची ही धाकटी बहीण, हिचे कान शाबूत आणि तोंडात तीळ भिजत नाही अशी ख्याती. लहानपणी बहिणीला आई रागावली तर आईच्या पाठीमागे, कपाटाआडून तोंड काढून, आई काय म्हणतेय ते तिला ओठांनी सांगणारी हीच. त्यानं तिच्या तोंडात कापूस भरला, दिवा तोंडावर घेतला, आणि मग, ती काही बोलू शकणार नाही अशा बेतानं, सरळ विचारलं. तिनं हात वर करून त्याला थांबवलं, उठून बसली, कापूस काढून बशीत ठेवला.

“भाऊजी, तो मेला. त्याची ती नटी मेली. ज्यानं सिनेमा काढला तोही मेला. तुम्ही कुणाशी भांडताय?”

“तुला माहितेय ना तो काय म्हणतो ते?”

“माहितेय. पण ताईनं सांगितलं नाही ते मी नाही सांगायची.”

“एवढं वाईट आहे?”

“वाईट असतं तर बरं वाटलं असतं तुम्हाला,” मेहुणी म्हणाली, आणि पुन्हा आडवी होऊन तिनं आ केला.

त्यावर उपाय एकच होता आणि तो त्यानं केला. पुढचे दोन-तीन महिने, शेवटच्या रविवारी, तो बाल्कनीतून पुढे पुढे सरकत गेला, आणि त्या माणसाचं तोंड त्यानं पाठ केलं. अर्थ सोडून दिला, नुसतं तोंड घेतलं. ओठ मिटतात, उघडतात, आ वासतात. मग जीभ मागे जाते. पुन्हा ओठ मिटतात. एकदा चंबू होतो. मग तिसऱ्यांदा मिटतात, आणि शेवटी दात दिसतात, सावकाश, हसल्यासारखे. दुपारी पेशंट नसताना तो दवाखान्यातल्या बेसिनवरच्या आरशात ते करून बघे. गाल कुठे ओढला जातो, हनुवटी किती खाली येते, हे त्याच्याइतकं बारकाईनं कोण बघणार? सुरुवातीला ते माकडचाळ्यांसारखं दिसे. मग एका दुपारी ते तसं दिसेना. आरशातला माणूस वाकून कुणाला तरी काहीतरी म्हणाला, आणि ते खरं वाटलं. त्याला स्वतःचाच राग आला. आपल्या तोंडात त्याचे शब्द, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही. काय म्हणालो आपण? कुणाला? पण आता हे घरी घेऊन जायचं, बायकोच्या समोर टाकायचं, आणि तिचा चेहरा बघायचा, एवढं त्यानं ठरवलं. ती दचकेल. चोरी पकडली गेल्यासारखी लाजेल. निदान एकदा तरी ते वाक्य त्याच्या तोंडून तिच्याकडे जाईल, मग त्या नावाड्याचं त्यावर एकट्याचं राज्य राहणार नाही.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. दिवा तिच्या डोक्यावर होता. तो समोर बसला, टेबलावर दोन बोटांनी टकटक केली. लाकडातून ते तिच्या मनगटाला कळे, आणि तिला हाक मारायची घरची रीत हीच. तिनं मान वर केली. त्यानं वाक्य म्हटलं, आवाज न काढता, शिकल्याप्रमाणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ती दचकली नाही, लाजलीही नाही. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. या खेपेला, नट वाकायचा म्हणून, तोही टेबलावरून जरा पुढे वाकला. वाक्य संपलं तरी तिनं नजर काढून घेतली नाही. ओठांवरून ती वर डोळ्यांकडे गेली आणि तिथे थांबली. केवढ्या दिवसांनी ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. एरवी बिचारीला ओठांवरून नजर काढायची सवड कधी मिळायची? तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, गाठ सुटावी तसा, आणि तिचे डोळे भरून आले.

“हो,” ती म्हणाली. “केव्हाचे.”

रागाची, हसण्याची, नाकबूल करण्याची, सगळ्याची तयारी करून तो बसला होता. याची नव्हती. ‘हो’ कशाला, त्यानं विचारलं. ती म्हणाली, तूच तर विचारलंस आत्ता. मग त्याला सांगावंच लागलं की आपण काय विचारलं ते आपल्याला माहीत नाही, नुसतं तोंड शिकून आलोय. तिनं मनगटानं डोळे पुसले, कारण बोटं वाटाण्यांनी ओली होती.

“‘पाय गार पडलेत ना तुझे? मला धर. झालंच आता.’ असं म्हणतो तो. ती पाण्यात उभी आहे ना मघापासून, आणि हिवाळा असणार. ओठ थरथरतायत तिचे. नावाडी नाही विचारत ते, तो नट विचारतो. तिला, त्या बाईला. गोष्टीत नाहीये ते. म्हणून तर रडतात सगळे. त्यांना कळत नाही, पण दिसतं.”

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. शपथ नव्हती, प्रेम नव्हतं, चावट काही नव्हतं. महिनोन् महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला ते गार पडलेले दोन पाय निघाले. सुटकेचा श्वास आला आणि त्याच्याबरोबर शब्दही आला, “एवढंच?” आवाज नव्हता त्यात. पण त्या घरात आवाजाची गरज कधीच नव्हती.

तिनं तो शब्द वाचला. मग शेंग खाली ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून, अगदी सावकाश, शाळेतल्या मुलाला विचारावं तसं विचारलं,

“आत्ता मला कुणी विचारलं? तू, की त्यानं?”

‘मी’ म्हणायला ओठ एकदाच मिटावे लागतात. त्याहून सोपं काही नाही. खिडकीकडे तोंड असतं तर तो म्हणालाही असता, अंधारात तर नक्कीच. पण ती समोर बसली होती, उजेड तोंडावर होता, आणि तोंडावर खोटं बोलायची सवय त्यानं इतक्या वर्षांत कधी लावूनच घेतली नव्हती. पाठ होती ना त्यासाठी. त्याला वाटलं, आपण वाकलो तेव्हा खरंच तिला विचारत होतो का? थोडं तरी? त्यानं ते आत शोधून पाहिलं, आणि आत आरशासमोरची दुपार तेवढी सापडली.

“त्यानं,” तो म्हणाला.

“मग ‘हो’ मी त्याला म्हटलंय,” ती म्हणाली, आणि शेंग उचलून तिनं उरलेले दाणे भांड्यात टाकले.